आजोबांच्या सिग्नल युनिटचा इतिहास कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा. आजोबा १९६१ ते १९७६ सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत, लाईनमन (टेलिफोनच्या तारा टाकणारे आणि दुरुस्त करणारे) होते. घरात त्यांची एक पक्कड, डिस्चार्ज बुक आणि छातीवर पदकं लावलेला एक फोटो आहे. नातवाला त्यांच्या युनिटचा इतिहास लिहायचाय, पण लढायांवरची पुस्तकं चाळली तर त्या युनिटचं नाव कुठेच येत नाही. मग हे युनिट नेमकं काय करायचं, ते कुठून आलं आणि त्याचा इतिहास सापडणार कुठे?

मी सिग्नल्समध्ये २६ वर्षं काढली. सुरुवात लाईनवर झाली, पुढे वायरलेसवर गेलो, आणि शेवटची दोन वर्षं युनिटच्या इतिहासाचं बाड जुळवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. नाव सापडत नाही म्हणून आजोबांच्या युनिटने काही केलं नसेल, असं मनातही आणू नका. पायदळाच्या पलटणीचा इतिहास टेकडीच्या नावाने लिहिला जातो. अमुक टेकडी घेतली, तमुक पूल राखला. सिग्नल युनिटला टेकडी घ्यायची नसते. त्याचा इतिहास संदेशाच्या कागदावरच्या दोन वेळांमध्ये असतो: एक संदेश लिहिल्याची वेळ, दुसरी तो समोरच्याच्या हातात पडल्याची. या दोन वेळांमध्ये किती मिनिटं गेली आणि ती का गेली, हे शोधत गेलात की आजोबांचं युनिट दिसायला लागेल.

आधी रचना समजून घ्या, कारण तिथेच बहुतेकांची वाट चुकते. पलटणीची स्वतःची सिग्नल प्लाटून असते, पण ती माणसं पायदळाची असतात. काही पलटणी मिळून ब्रिगेड होते, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन. सिग्नल कोअरची माणसं ब्रिगेडपासून वर भेटतात. ब्रिगेडला सिग्नल कंपनी आणि डिव्हिजनला सिग्नल रेजिमेंट, जिचा कमांडिंग ऑफिसर आजोबांच्या काळात लेफ्टनंट कर्नल असायचा. कुणी कुणापर्यंत लाईन न्यायची याचा नियम पहिल्या आठवड्यातच घोटून घेतात: वरच्याने खालच्यापर्यंत, मदत देणाऱ्याने मदत घेणाऱ्यापर्यंत, आणि शेजारीशेजारी असाल तर डावीकडच्याने उजवीकडच्यापर्यंत. म्हणजे ब्रिगेडपासून पलटणीच्या मुख्यालयापर्यंतची लाईन ब्रिगेडच्या सिग्नलवाल्यांनी टाकायची. तुमचे आजोबा बहुधा याच पट्ट्यात चालले असतील, पाठीवर केबलचं रीळ घेऊन, पुढच्या पलटणीच्या दिशेने. लढाईच्या पुस्तकात त्या पलटणीचं नाव येतं. तिच्यापर्यंत गेलेल्या तारेचं येत नाही.

या कामाची मुळं कोअरच्या जन्मापेक्षा जुनी आहेत. ११ मे १८५७ च्या सकाळी दिल्लीच्या तारघरात ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन नावाचे दोन तरुण तारवाले होते. मेरठकडची लाईन आदल्या दिवशीपासून बंद होती. कचेरीचा प्रमुख चार्ल्स टॉड बिघाड बघायला यमुनेच्या दिशेने गेला आणि मारला गेला. मग या दोघांनी चालू असलेल्या दुसऱ्या लाईनवरून अंबाल्याला खबर दिली. ती पुढे लाहोरला पोचली आणि १३ मे रोजी तिथल्या मियां मीर छावणीतल्या देशी पलटणींची शस्त्रं इंग्रजांनी काढून घेतली. उठाव करणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर एक लाईन तुटली होती, दुसरी तुटायची राहिली होती, आणि तेवढ्याने पंजाबातलं पारडं फिरलं. आमच्याकडे नव्या पोरांना हा प्रसंग सांगताना मी टॉडवर जास्त थांबायचो. तो परक्या सरकारचा नोकर होता हे खरंच, पण बंद पडलेली लाईन तपासायला एकटं बाहेर पडायचं, हे काम आजही लाईनमनच करतो.

पुढे हेन्री मान्स याने १८६९ मध्ये हेलिओग्राफ तयार केला. आरशाने सूर्यप्रकाश फेकायचा आणि मोर्सच्या टिंबरेषांत बोलायचं. ढोबळ हिशेब असा, की आरशाचा व्यास जितके इंच, त्याच्या दहापट मैल पल्ला. वायव्य सरहद्दीवरच्या कोरड्या डोंगरांत हे यंत्र फार उपयोगी पडलं. त्याचा झोत सूर्यबिंबाइतकाच, सुमारे अर्ध्या अंशाचा असतो. १५ किलोमीटरवर तो जेमतेम १४० मीटर रुंद होतो, त्यामुळे त्या पट्ट्याबाहेरच्या शत्रूला काही वाचता येत नाही. ढग आले किंवा सूर्य मावळला की मात्र काम थांबलं. मग दिवे, झेंडे, नाहीतर घोडेस्वार.

त्या काळात हे सगळं सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे अभियंता पलटणी सांभाळत. स्वतंत्र सिग्नल युनिटं आली १५ फेब्रुवारी १९११ रोजी. फतेहगढला लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्या हाताखाली ३१ आणि ३२ डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. कोअरचा स्थापना दिवस आजही तोच. १९२० मध्ये जबलपूरला प्रशिक्षण केंद्र आलं, आणि जबलपूर हे सिग्नलवाल्यांचं माहेर झालं ते तेव्हापासून. आजोबांचं प्रशिक्षण तिथे झालं असण्याचा संभव मोठा आहे. कोअरचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. टोपीवरच्या बिल्ल्यावर रोमन देवांचा दूत मर्क्युरी आहे, त्याला सगळे लाडाने ‘जिमी’ म्हणतात. फोटोत टोपी नीट दिसत असेल तर भिंग घेऊन बघा, एका पायावर झेपावलेली आकृती दिसेल.

पहिल्या महायुद्धात हे युनिट म्हणजे काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. फ्रान्सच्या खंदकांमध्ये सुरुवातीला एकेरी तार टाकून परतीचा प्रवाह जमिनीतून जाऊ देत. तार कमी लागायची, पण शत्रू आपल्या खंदकात जमिनीत खुंट्या ठोकून तेच बोलणं ऐकायचा. त्यावर उतारा म्हणून फुलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ मध्ये फुलरफोन काढला. त्याचा प्रवाह इतका क्षीण आणि एकसारखा, की चोरून ऐकणाऱ्याच्या कानाला काही लागत नसे. तोफगोळ्यांनी तारा तुटत, म्हणून दोन तारा समांतर टाकून मध्येमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडत. एक बाजू तुटली तरी प्रवाह दुसरीकडून वाट काढायचा. जिथे वेळ मिळाला तिथे केबल सहा फूट खोल पुरली. आजोबांच्या हातात आलेल्या लाईन टाकण्याच्या बऱ्याच पद्धती या खंदकांत तावूनसुलाखून निघालेल्या आहेत.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा प्रसंग मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला आहे. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत अल अमारा इथे वेढ्यात अडकली. जवळपास पाच महिने. अन्न संपत आलं, खेचरं आणि घोडे कापून खाल्ले गेले. जमिनीवरची लाईन बाहेर जाणं शक्य नव्हतं. बाहेरच्या सैन्याशी बोलणं चालू राहिलं ते बिनतारी संचावर, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. शरण जाताना तोफा फोडल्या, तसा हा संचही नष्ट केला. कुतचा इतिहास वाचताना बहुतेक जण सेनापतीच्या चुका मोजतात, आणि मोजाव्यातच. पण त्या पाच महिन्यांचे संदेश आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण कुणीतरी उपाशीपोटी इंजिन चालू ठेवून बॅटऱ्या भरत होतं.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर साहित्य भरपूर आहे. एवढंच लक्षात ठेवा, की ब्रह्मदेशाच्या जंगलात वायरलेस संच खेचराच्या पाठीवरून जायचे आणि मोटरसायकलवरचा डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर, रस्ता असेल तिथे त्यांच्या जोडीला असायचा. जुन्या उच्चार-वर्णमालेत ‘डी’ला ‘डॉन’ म्हणत, म्हणून म्हाताऱ्या फौजींच्या तोंडी अजून ‘डॉन आर’ येतं. आजोबांच्या बोलण्यात हा शब्द कुणाला आठवत असेल तर तो इथून आलाय. कोअरचं मोटरसायकल कसरतींचं ‘डेअर डेव्हिल्स’ पथक याच रायडरांच्या परंपरेतलं. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, महूला सिग्नलचं विद्यालय सुरू झालं. आपल्याला महू बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. सिग्नलवाल्याला ते विद्यालयामुळेही माहीत असतं. १९६७ पासून ते दूरसंचार अभियांत्रिकीचं सैनिकी महाविद्यालय झालं.

आता आजोबांच्या काळाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथला आहे.

१९६१ ला भरती म्हणजे प्रशिक्षण संपवून युनिटमध्ये रुजू होतात न होतात तोच १९६२ चं चीनशी युद्ध. तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, नामका चू नदीवर ७ इन्फन्ट्री ब्रिगेड ४ डिव्हिजनच्या हाताखाली होती. समोर थागला धार. रस्ता नाही. माणसांच्या पाठीवरून नाहीतर विमानातून टाकून जे पोचेल तेवढंच सामान. वायरलेस संच चालतो बॅटरीवर, बॅटरी भरायला लागतं चार्जिंग इंजिन, इंजिनाला पेट्रोल, आणि यातली प्रत्येक गोष्ट त्या डोंगरात वर न्यायची. साखळीतला एक दुवा कमी पडला की संच नुसतं ओझं होतो. केबलही अपुरी होती. ४ डिव्हिजन सिग्नल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी आपली माणसं आणि लाईन बघायला स्वतः पुढे गेले. १९ ऑक्टोबरच्या रात्री ते पुढच्या गुरखा पलटणीजवळ मुक्कामाला होते. २० तारखेच्या पहाटे हल्ला झाला, लाईन तुटल्या आणि ते कैद झाले. डिव्हिजनच्या सिग्नल प्रमुखाने सगळ्यात पुढच्या खंदकाजवळ सापडावं, यावर मी पुष्कळदा विचार केलाय. नकाशावर बसून लाईनचा भरवसा येत नाही, चालून जाऊनच येतो. त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो असं मला वाटतं.

लाईनमन करतो काय, हे जवळून सांगतो, म्हणजे घरातल्या पकडीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. एक्सचेंजवर कळतं की पुढची लाईन गेली. घंटी फिरवली तरी पलीकडून काही नाही. दोन माणसं निघतात. एकाकडे फील्ड टेलिफोन, दुसऱ्याकडे केबलचा तुकडा, टेप आणि पक्कड. केबल हातातून सरकवत चालायचं, रात्री तर डोळ्यांपेक्षा तळहातच जास्त कामाचा. ठरावीक अंतरावर थांबून टेलिफोनच्या पिना तारेत टोचायच्या आणि मागच्या एक्सचेंजला बोलवायचं. उत्तर आलं म्हणजे मागची लाईन ठीक, बिघाड अजून पुढे. उत्तर येईनासं झालं की बिघाड मागे राहिला, परत फिरा. तुटलेली जागा मिळाली की दुसरं टोक शोधायचं. स्फोटाने ते वीस-तीस पावलं लांब उडालेलं असतं, आणि अंधारात खरा वेळ तिथेच जातो.

जोड देण्याचीही रीत आहे. केबलमध्ये दोन तारा असतात. दोन्हींचे जोड समोरासमोर कधीच द्यायचे नाहीत, ओल आली की एकमेकांना चिकटतात आणि लाईन शॉर्ट होते. एक जोड इथे, दुसरा वीतभर पुढे. पकडीने वरचं आवरण सोलायचं, तारेला नख लागू द्यायचं नाही, चौकोनी गाठ मारायची, टोकं गुंडाळायची, वर टेप. मग दोन्हीकडे बोलून खात्री. मी नवा असताना पावसात घाईने दोन्ही जोड शेजारीशेजारी दिले होते. दोन तासांनी तीच लाईन पुन्हा गेली आणि तेच अंतर पुन्हा चालावं लागलं. आमच्या हवालदारांनी एक शब्दही बोल लावला नाही. त्यांनी फक्त माझा जोड कापून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्शनला दाखवला. त्या पकडीच्या पात्यांवर मध्येच छोटे दात पडले असतील, तर ते पोलादी तार कापून पडलेले असतात. फील्ड केबलमध्ये तांब्याबरोबर पोलादाचे धागे असतात, ओढ सहन व्हावी म्हणून. ती पक्कड घासूनपुसून चकचकीत करू नका.

१९७१ चा एक प्रसंग सिग्नल्सची दुसरी बाजू दाखवतो, ऐकण्याची. १४ डिसेंबरला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासात बैठक भरणार असल्याचा पाकिस्तानी संदेश आपल्या सिग्नलवाल्यांनी हवेतून टिपला. काही तासांत मिग-२१ विमानांनी त्या इमारतीवर रॉकेटं डागली आणि गव्हर्नर डॉ. मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी शरणागती झाली. पुन्हा तेच: संदेश कानावर पडला कधी आणि विमानतळावर पोचला कधी. मधली साखळी एका तासाने ढिली पडली असती तर बैठक उरकून माणसं पांगली असती.

आता शोधायचं कसं. सुरुवात फोटोतल्या पदकांपासून करा, फोटो घरातच आहे. खरी पदकं जपलेली असतील तर कडेवर बघा, नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची पट्टी असते: ‘नेफा’, ‘हिमालय’, ‘जम्मू काश्मीर’ वगैरे. त्यावरून नोकरी कुठल्या भागात झाली ते कळतं. रक्षा पदक आणि समर सेवा स्टार १९६५ चे. पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल तर १९७१ मध्ये ते कोणत्या आघाडीवर होते ते ठरलंच. खांद्यावरची डिव्हिजनची खूण दिसत असेल तर सोन्याहून पिवळं. लाल गरुड म्हणजे ४ डिव्हिजन, काळं मांजर म्हणजे १७.

मग डिस्चार्ज बुकमधला आर्मी नंबर घेऊन जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या नात्याने लेखी अर्ज करा. निवृत्तीचे आणि नात्याचे कागद जोडा. मागायचं ते शीट रोलवरची, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदपत्रावरची, युनिटांची यादी, तारखांसह. ‘आजोबांची माहिती द्या’ असं मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं. तारखा महत्त्वाच्या, कारण लाईनमनची बदली होत राहते आणि युनिटांची नावंही बदलतात. एकच युनिट आधी कंपनी, मग डिव्हिजनल सिग्नल्स, मग सिग्नल रेजिमेंट म्हणून कागदोपत्री येतं. नावाने शोधाल तर तीन वेगळी युनिटं वाटतील. डिव्हिजनचा आकडा धरून शोधा.

युनिट आणि तारखा हातात आल्या की वॉर डायरी. मोहिमेवरचं प्रत्येक युनिट ती महिन्याच्या महिन्याला लिहितं. संरक्षण मंत्रालयाच्या दिल्लीतल्या इतिहास विभागाकडे त्यांचा साठा आहे. जून २०२१ च्या धोरणानुसार लढायांचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले व्हायला हवेत, त्या धोरणाचा दाखला देऊनच अर्ज करा. आधीच्या पिढीतलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात असेल, तर लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात भारतीय युनिटांच्या डायऱ्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत, दुसऱ्यातल्या ब्रह्मदेश आघाडीच्या ‘डब्ल्यूओ १७२’ मध्ये.

आणि फक्त सिग्नल युनिटची डायरी वाचू नका. तिच्यात पुष्कळदा एवढंच असतं: लाईन चालू, लाईन बंद, लाईन चालू. त्याच दिवसाची ब्रिगेडची आणि पुढच्या पलटणीची डायरी शेजारी ठेवा. पलटणीच्या डायरीत लिहिलेलं असतं ‘ब्रिगेडशी संपर्क तुटला’, आणि काही वेळाने ‘संपर्क आला’. मधल्या वेळेत कुणीतरी हातात केबल घेऊन चालत होतं, त्याचं नाव तिथे नसतं. ते शोधायला सिग्नल युनिटच्या त्या दिवसाच्या नोंदीत जा. जखमी किंवा मृतांत एखादा लाईनमन दिसला तर वेळ जुळवून बघा. मी बाड जुळवताना अशा तीन जागा सापडल्या. सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: युनिटच्या जुन्या संदेश-फॉर्मांच्या गठ्ठ्यांपैकी बरेचसे मुदत संपली म्हणून नियमाप्रमाणे जाळून टाकलेले होते. नियम बरोबर होता, गुप्त कागद राखूनही ठेवता येत नाहीत. पण दोन वेळा लिहिलेला तो कागदच आमचा इतिहास होता.

म्हणून कागदांच्या मागे लागण्याआधी माणसं गाठा. आजोबांच्या बरोबरचे लोक आता ऐंशीच्या पुढे असतील. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, सिग्नल्सचे माजी सैनिक एकमेकांना ओळखून असतात. भेटलात की ‘लढाईचा अनुभव सांगा’ म्हणू नका, ते दोन वाक्यांत उरकतील. त्यांना विचारा: रीळ कोण उचलायचं, चार्जिंग इंजिन कुठे ठेवायचात, कुठली लाईन सारखी जायची. शक्य झालं तर ती पक्कड बरोबर न्या आणि त्यांच्या हातात द्या.